योग, संशोधन आणि डिमेन्शिया: लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचे आयुष्य काय शिकवते?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश झाल्याचे कळले की मावळ-लोणावळ्याकडच्या कुटुंबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आपल्याकडे योगाचे एवढे जुने केंद्र आहे, तिथे नेले तर आईची आठवण परत येईल का? प्रश्न भाबडा नाही. त्यामागे आशा असते, आणि पुष्कळदा शेजाऱ्यांनी किंवा मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओने दिलेली खात्रीही असते.

या प्रश्नाचे सरळ उत्तर पुढे दिलेच आहे. पण त्याआधी ज्यांनी हे केंद्र उभे केले त्या स्वामी कुवलयानंदांचे आयुष्य पाहू. डिमेन्शिया हा त्यांच्या कामाचा विषय नव्हता. मात्र एखादा उपाय खरा की खोटा हे कसे ठरवायचे, आणि आजारी माणसाला मदत करणारी संस्था कशी असावी, हे त्यांच्या कामातून फार चांगले समजते. डिमेन्शियाच्या घराला नेमक्या याच दोन गोष्टींची गरज पडते.

डभोईचा जगन्नाथ गुणे

स्वामी कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोई गावी, एका मराठी कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. मुलगा हुशार होता. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला.

त्या काळात श्री अरविंद तिथे शिकवत होते. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचाही तरुणांवर मोठा प्रभाव होता. गुण्यांनी देशसेवेसाठी आजन्म अविवाहित राहण्याचे ठरवले.

१९०७ पासून पुढची तीन वर्षे त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरशिक्षण घेतले. पुढे योगाकडे ते वळले तेव्हा हा व्यायामशाळेचा पाया त्यांच्या कामी आला. शरीर त्यांनी आधी तालमीत ओळखले आणि नंतर ग्रंथांत.

अमळनेर: शिक्षकाची नोकरी

१९१६ च्या सुमारास ते खानदेशात अमळनेरला आले. तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात ते रमले, विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवू लागले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सामान्य लोकांत शिक्षण नसले की अंधश्रद्धा किती सहज पसरते हे त्यांनी या वर्षांत जवळून पाहिले. समजावून सांगण्याची सवयही इथेच पक्की झाली असावी, कारण पुढे आयुष्यभर त्यांनी प्रयोगाबरोबरच लोकांना समजेल असे लिहिण्याकडेही लक्ष दिले.

माधवदासजी आणि बडोद्याचे एक्स-रे यंत्र

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर इथे त्यांना परमहंस माधवदासजी हे योगी गुरू म्हणून लाभले. माधवदासजींकडे त्यांनी आसने, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया शिकून घेतल्या. या क्रियांचा शरीरावर परिणाम होतो हे त्यांना दिसत होते. इथपर्यंतची गोष्ट अनेक शिष्यांची असते. गुण्यांनी पुढे जे केले ते त्या काळात कुणी फारसे केले नव्हते.

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांची एक्स-रे यंत्राने तपासणी करून घेतली. उड्डियानात श्वास बाहेर सोडून पोट आत ओढले जाते, तर नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे करून फिरवले जातात. या वेळी आतल्या अवयवांचे काय होते, हे ते पाहत होते. गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, आणि तरीही गुरूंनी शिकवलेली गोष्ट त्यांनी यंत्रासमोर ठेवली.

श्रद्धा आणि तपासणी यांत भांडण नसते, ही गोष्ट डिमेन्शियाच्या घरात फार महत्त्वाची ठरते. एखादे औषध, काढा, तेल किंवा आसन कुणी आपुलकीने सुचवले, तर ते तपासून पाहण्यात त्या माणसाचा अपमान नाही.

१९२४: लोणावळ्यात प्रयोगशाळा

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले. गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरचे हे घाटमाथ्यावरचे गाव, स्वच्छ हवेचे आणि दोन्ही शहरांतून गाडीने येता येईल असे. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यात प्रयोगांची माहिती आकडे आणि चित्रांसह छापली जाई. शास्त्रीय भाग वेगळा असे आणि सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला भागही वेगळा असे. वैद्यकीय माहिती रुग्णापर्यंत कशी पोहोचवावी याचा तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आहे.

त्यांचा एक गाजलेला प्रयोग नौलीचा. योगी लोक पाण्यात बसून बस्ती ही क्रिया करतात तेव्हा पाणी आतड्यात आपोआप वर चढते, असे सांगितले जाई. हे कसे होते? कुवलयानंदांनी दाब मोजण्याचे उपकरण वापरून दाखवले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आत ओढले जाते. या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. चमत्कार वाटणारी गोष्ट दाबातल्या फरकाने समजावून देता आली.

लोकांना न आवडणारे निकालही छापले

प्राणायामाबद्दल त्या काळी एक समज होता, आजही आहे: दीर्घ श्वास घेतला की शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, आणि प्राणायामाचा फायदा त्यामुळेच होतो. कुवलयानंदांच्या प्रयोगांत हा समज टिकला नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांना मान्य होते, पण त्याचे कारण प्राणवायूच्या जादा पुरवठ्यात नाही, असे त्यांनी मांडले. स्वतः योगाचा प्रचारक असलेल्या माणसाने असे लिहिणे सोपे नव्हते.

बाहेरच्या संशोधकांनाही त्यांनी दारे उघडी ठेवली. मूळचे केरळचे आणि अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे कोवूर बेहानन १९३० च्या दशकात त्यांच्याकडे शिकायला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक आले आणि त्यांनी लोणावळ्यासह भारतात अनेक ठिकाणी योगसाधकांची उपकरणांनी तपासणी केली. इच्छेनुसार हृदय थांबवण्याचा दावाही त्यांनी तपासला. त्यात असे दिसले की छातीवरचा दाब वाढवल्याने नाडी लागत नव्हती आणि ठोके ऐकू येत नव्हते, पण ईसीजीवर हृदय चालूच होते. तपासणीला कुणी नाही म्हटले असते तर हृदय थांबते ही समजूत तशीच राहिली असती.

आता हे डिमेन्शियाला लावून पाहा. ‘स्मरणशक्ती महिन्यात परत’ अशी जाहिरात करणाऱ्या कुणालाही कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत.

• हा उपाय किती रुग्णांवर वापरून पाहिला?
• उपाय न मिळालेल्या तशाच रुग्णांशी तुलना केली का?
• निकाल कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात छापले आहेत?
• कुणाला फायदा झाला नाही, कुणाला त्रास झाला, याची नोंद आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्याकडे फक्त यशाच्याच गोष्टी आहेत, त्याने मोजमाप केलेले नसते.

रुग्णांसाठी संस्था

कुवलयानंदांकडे रुग्ण सुरुवातीपासूनच येत होते. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या त्रासाने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनीही व्यायामाबद्दल त्यांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. पण एका माणसाकडे येणाऱ्या गर्दीवर ते थांबले नाहीत. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली, आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हला ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाच्या योगिक आरोग्य केंद्रात गेली. पुढे राजकोटलाही केंद्र निघाले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी शाळांमधल्या व्यायामशिक्षणाला दिशा दिली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योग महाविद्यालय सुरू झाले, तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांच्या नावाचे योगिक रुग्णालय.

या नावांकडे लक्ष द्या. ती देणगीदारांची आणि त्यांच्या आप्तांची आहेत. संशोधन, शिक्षण आणि उपचार एकट्याच्या जोरावर चालत नाहीत. त्यासाठी पैसा, जागा, शिकवलेली माणसे आणि नोंदवह्या लागतात. डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजीही एकट्या सुनेच्या किंवा एकट्या मुलीच्या जोरावर चालत नाही. आजार बहुतेकदा काही वर्षे, कधी दहा वर्षांहूनही जास्त चालतो. म्हणून काळजीचीही घडी बसवावी लागते.

त्या काळी ‘म्हातारचळ’ म्हणत

कुवलयानंदांच्या काळात डिमेन्शिया समाजात फारसा दिसत नव्हता, कारण म्हातारपणच कमी लोकांच्या वाट्याला येई. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. जर्मन डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराच्या एका रुग्णाच्या मेंदूतले बदल सांगितले होते, पण आपल्याकडे विसरणाऱ्या, रात्री उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या माणसाला म्हातारचळ लागला, असेच म्हणत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपे.

आता तो संपत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळले. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळातली गावे यात आलीच. मुले पिंपरी-चिंचवडला नोकरीला आणि आई-वडील गावी, असे चित्र इथे नेहमीचे आहे. लोणावळ्यात निवृत्तीनंतर बंगल्यात दोघेच राहणारी जोडपीही पुष्कळ आहेत. अशा घरांत आजार उशिरा लक्षात येतो.

आधी मोजमाप, मग निदान

कुवलयानंदांनी आधी एक्स-रे काढला आणि मग मत मांडले. डिमेन्शियातही हाच क्रम हवा. विसरणे म्हणजे प्रत्येक वेळी अल्झायमर नसतो. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्यांचा परिणाम, लघवीचा संसर्ग, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, अशा कारणांनीही माणूस गोंधळतो. यातली अनेक कारणे उपचाराने सुधारतात. म्हणून रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय आणि स्मृतीची चाचणी आवश्यक आहे. चाचणी रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाला धरून व्हायला हवी. शाळा न पाहिलेल्या आजीला शंभरातून सात वजा करायला सांगून काही कळत नाही. तिला आजचा वार, नुकताच झालेला सण, सकाळचा स्वयंपाक विचारावा.

अचानक, एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला, ताप आला, बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. तो साधा विसराळूपणा नव्हे.

मग योगाने डिमेन्शिया बरा होतो का?

नाही. योगाने, किंवा आज उपलब्ध असलेल्या कुठल्याही उपायाने, अल्झायमरमध्ये गेलेली स्मृती परत येते असा पुरावा नाही. डॉनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही रुग्णांत काही काळ लक्षणे सौम्य ठेवतात. ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि त्याऐवजी योग असा पर्यायही निवडू नका.

पण योगाचा उपयोगच नाही, असेही नाही. सौम्य स्मृतिदोष असलेल्या लोकांवर काही लहान अभ्यास झाले आहेत. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवडे एका गटाने योग केला आणि दुसऱ्याने स्मृतीचे व्यायाम केले. दोन्ही गटांत काही बाबतींत सुधारणा दिसली. मात्र त्यात फक्त २५ माणसे होती. एवढ्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. आजार जडलेल्या रुग्णाला हलका व्यायाम, सोपी आसने आणि संथ श्वसन यांमुळे तोल, झोप आणि अस्वस्थता यांत मदत होऊ शकते, आणि दिवसाला एक वळण लागते.

हे पथ्य पाळा:

• शीर्षासन, सर्वांगासन, श्वास फार वेळ रोखणे आणि जोरात केलेली कपालभाती डिमेन्शियाच्या वयस्क रुग्णाला देऊ नका. रक्तदाब, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडे असल्यास धोका वाढतो.
• वमन, शंखप्रक्षालन अशा शुद्धिक्रिया टाळा. शरीरातले पाणी आणि क्षार कमी होऊन गोंधळ एकदम वाढू शकतो.
• खुर्चीत बसून किंवा भिंतीचा आधार घेऊन करता येतील अशाच हालचाली करा. सोबत एक माणूस कायम असू द्या.
• एका वेळी एकच सूचना द्या आणि आधी स्वतः करून दाखवा.
• कुठल्याही केंद्रात नेण्याआधी फोन करून विचारा: डिमेन्शियाच्या रुग्णाला घेता का, डॉक्टर असतात का, सोबत राहू देता का?

निरोगी माणसासाठी मात्र आशादायक गोष्ट आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ धोके टाळता आले किंवा आटोक्यात ठेवता आले, तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबू शकतील. त्यांत रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जादा दारू, व्यायामाचा अभाव, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, डोक्याला मार, नैराश्य, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आणि लहानपणी अपुरे शिक्षण हे येतात. रोजचे चालणे, कानाचे यंत्र, मोतीबिंदूचे ऑपरेशन, गावच्या भजनात जाऊन बसणे हे सगळे मेंदूसाठीचे काम आहे.

मावळातल्या कुटुंबांनी मदत कुठे शोधावी?

पहिली पायरी तुमचा नेहमीचा डॉक्टर किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यानंतर तळेगाव दाभाडे इथले मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही मोठी ठिकाणे लोकलने किंवा बसने गाठता येतात. जाण्याआधी मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागाच्या ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे रुग्णाला घेऊन हेलपाटा होणार नाही.

फोनवरची मदतही आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करते आणि अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी ते कामी येते.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर भारतात वैद्यकीय चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी असते, मराठीत समजावलेले संमतिपत्र असते, कधीही बाहेर पडण्याची मुभा असते, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले तर ते संशोधन नव्हे.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. रुग्णाच्या खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन नंबर ठेवा. आपल्या भागात रेल्वेमार्ग, महामार्ग आणि पावसाळ्यातले धुके आहे, त्यामुळे भरकटलेला माणूस लवकर धोक्यात येतो. शेजारी, किराणा दुकानदार आणि रिक्षावाले यांना आजाराची कल्पना द्या. लपवू नका. माणूस सापडला नाही तर लगेच ११२ वर फोन करा. बँकेचे संयुक्त खाते, नॉमिनेशन, मृत्युपत्र ही कामे रुग्णाला समजते आहे तोवर, निदानानंतर लवकरात लवकर करून घ्या.

आणि जो काळजी घेतो त्याची पाळी बदला. आठवड्यातून निदान एक दिवस दुसऱ्या भावंडाने यावे. योगाचा सर्वांत थेट उपयोग कदाचित याच माणसाला आहे. रोज वीस मिनिटे आसने, श्वसन आणि शवासन केल्याने काळजी घेणाऱ्याचा ताण कमी होण्यास मदत होते. लोणावळ्याच्या केंद्रात आईला नेण्याऐवजी, आईला सांभाळणाऱ्या मुलीला आठ दिवस पाठवता आले तर अवश्य विचार करा.

१९६६ आणि नंतर

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. ते ८२ वर्षांचे होते. त्यांनी सुरू केलेले त्रैमासिक, महाविद्यालय आणि रुग्णालय त्यांच्यामागेही चालू राहिले. नोंदी लिहिलेल्या होत्या आणि माणसे शिकवून तयार केलेली होती, म्हणून हे शक्य झाले.

तुमच्या घरातही आजपासून एक वही ठेवा. तारीख, औषध, झोप, जेवण, पडणे, चिडचिड, नवीन काय सुरू केले आणि त्याने काय झाले, एवढे रोज चार ओळीत लिहा. नवा काढा असो, नवे आसन असो की नवी गोळी, एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवड्यांनी वही उघडून पाहा. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन या. डॉक्टरला तिचा फार उपयोग होतो, आणि रात्रपाळीला आलेल्या भावालाही आईचा दिवस कसा गेला ते वाचून कळते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान, औषधे आणि व्यायाम यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलूनच निर्णय घ्या.)